भरधाव

मोटरसायकलचा आरसा माझ्या कोपरावर आदळला आणि कडेवरची साऊ खांद्यावरून मागे कलली. मी तिला फ्रॉकला धरून ओढली. फ्रॉक टरकला, साऊ वाचली. पोरगा थांबला नाही. जाता जाता नुसती मान वळवून ओरडला, "ओ काकू, घरात बसा की!"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पण काकू म्हटल्याचा राग यायलाही सवड नव्हती. कोपरातून बोटांपर्यंत कळ गेली होती आणि साऊ खिदळत होती. तिला वाटलं, आई खेळवतेय.

"परत," ती म्हणाली. "आई, परत कर."

आतून अनुसाआक्का पिठाच्या हातांनी धावत आल्या. "मुडद्या, आयबाप हायत का न्हाईत तुला?" त्या मोकळ्या रस्त्याला ओरडल्या. मग साऊला माझ्याकडून घेऊन त्यांनी तिचे हात, पाय, डोकं चाचपलं. साऊच्या केसांना पीठ लागलं.

"ताई, ह्या रस्त्याचं काय तरी करा बाई. माझं काळीज ठिकाणावर ऱ्हात न्हाई."

आमची रोहिणी कॉलनी म्हणजे एक सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना मिळून चाळीस घरं. गावाबाहेर हायवेवर पुलाचं काम निघालं आणि सगळी वाहनं आमच्या दारावरून जायला लागली. सकाळी दुधाचे टेम्पो, दिवसभर वाळूचे डंपर, क्लास सुटला की एका गाडीवर तिघं-तिघं पोरं. बालवाडी रस्त्यापलीकडे, आमच्या फाटकासमोरच. माझ्या पावलांनी नऊ पावलं. त्या नऊ पावलांसाठी मी साऊला कडेवर घ्यायची, जीव मुठीत धरायची आणि पलीकडे पोचल्यावर तिच्या मानेवर ओठ टेकवायची. नवरा, निरंजन, पुण्याला नोकरीला. शनिवारी यायचा, रविवारी रात्रीच्या गाडीने जायचा. मी दुपारपर्यंत शाळेत शिकवायला जायची. तेवढा वेळ साऊ अनुसाआक्कांकडे. त्या आमच्याकडे स्वयंपाक करायच्या, पण खरं काम साऊला सांभाळायचं. मी नसले की साऊला बालवाडीत सोडायचं आणि आणायचं तेही त्याच करायच्या, पदराखाली झाकून, उजवीकडे हात दाखवत, वाहनांना शिव्या घालत.

त्यांना सोडायला-न्यायला मारुतीमामा यायचे. आक्कांचे मालक. बाजार समितीत हमाली करत. त्यांची जुनी लूना इतकी हळू यायची, की साऊ फाटकातून "मामा आले" म्हणायची आणि चपला उलट्यासुलट्या घालून बाहेर जाईपर्यंत मामा पोचलेले नसायचे.

"ह्यांच्या लूनावर बसण्यापरास चालत आले आसते," आक्का उतरता उतरता म्हणायच्या, "तर तुमच्या दोन चपात्या जास्त लाटून झाल्या आसत्या."

"पाय मोडून घेण्यापरास बरं हाय की," मामा म्हणायचे. त्यांचं ते एकच उत्तर होतं.

नगरपालिकेत मी तीन अर्ज दिले. तिसऱ्या वेळी तिथल्या लिपिकाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"गतिरोधक पाहिजे?"

"हो."

"अपघात झालाय का तिथं?"

मी कोपर दाखवलं. अजून काळंनिळं होतं.

"तसा नाही हो, बाई. नोंद झालेला. मोठा." त्याने हाताने मोठा म्हणजे किती ते दाखवलं. "तशी नोंद असली की प्रस्ताव पुढं सरकतो. तुमच्याकडं अजून तसं काही झालं नाही ना?"

"नाही."

"मग चांगलंच आहे की," तो म्हणाला आणि अर्जावर शिक्का मारून मला पोच दिली.

त्या संध्याकाळी मी रंजणेकाकांच्या ओट्यावर बसून रडले. रंजणेकाका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सगळ्या कॉलनीची गटारं, टाक्या, कुंपणं त्यांच्या देखरेखीखाली झालेली. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं सरकारचे रस्ते केले, मुली. एक गतिरोधक आपला करू. रविवारी निरंजनला सांग, पाटी उचलायला ये म्हणून."

रविवारी सगळी कॉलनी रस्त्यावर आली. कुणी सिमेंटची पोती आणली, कुणी खडी, कुणाच्या घराच्या कामातली उरलेली वाळू. बायकांनी पोहे केले. इतक्या वर्षांत गणपती सोडून आम्ही एकत्र असं काही केलं नव्हतं. काकांनी दोरी लावून उंचीची खूण केली. मी वाकून बघितलं.

"एवढाच?"

"चार इंच. नियमात तेवढाच बसतो."

"काका, चार इंचांनी काय होतंय? ती पोरं तो उडवत नेतील. मजा वाटेल त्यांना."

"उंची वाढवली तर उतार लांब द्यावा लागेल. एवढा माल नाही आपल्याकडे."

"मग उतार कमी द्या," मी म्हणाले. "बसू देत की दणका. त्यासाठीच तर करतोय."

बायका हसल्या. "बाईंनी छडी उगारली," कुणीतरी म्हणालं. काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा साऊकडे बघितलं आणि दोरी वर घेतली. गतिरोधक वीतभर उंच झाला. दोन्ही अंगांनी उभा, भिंतीसारखा.

वरून ओली पोती टाकली, दोन्ही बाजूंना दगड लावले, गाड्या मागच्या गल्लीतून वळवल्या. काका म्हणाले, आठ दिवस पाणी मारायचं, पुढच्या रविवारी पांढरे पट्टे मारायचे आणि मगच दगड काढायचे. ओल्या सिमेंटवर रंग धरत नाही. पाणी मारायचं काम मी मागून घेतलं. सकाळ-संध्याकाळ मी बादली घेऊन जायची आणि साऊ तिचा छोटा पेला. ती त्याला बाळ म्हणायची, पोत्यांचं पांघरूण होतं म्हणून. पेल्यातलं पाणी ओतून झालं की त्याला थोपटायची. "जोजो कर," म्हणायची.

ते सहा दिवस रस्ता कसा शांत होता म्हणून सांगू. मला खिडकीतून चिमण्या ऐकू यायच्या.

आक्का नेमक्या त्या आठवड्यात नव्हत्या. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, जतकडे. शनिवारीच मामांबरोबर गेल्या होत्या. मी शाळेत रजा टाकली होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी दगड काढले.

कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या गल्लीतल्या लोकांची कुरकुर चालली होती हे खरं, पण त्यांच्यासाठी काढले असं मला म्हणता येत नाही. मला बघायचं होतं. सिमेंट वाळून रस्त्याच्याच रंगाचं झालं होतं. मी पोती गोळा केली, दगड एक-एक करून कडेला लोटले आणि साऊला घेऊन आमच्या पायरीवर बसले. शेजारच्या सुनंदावहिनी ताटात मटार घेऊन आल्या. आणखी दोघी आल्या. क्लास सुटायची वेळ झाली होती.

पहिली गाडी आली. दोन पोरं, नेहमीच्या वेगात. त्यांना काही दिसलं नाही. गाडी उडाली, मागचा पुढच्याच्या पाठीवर आपटला, दप्तर रस्त्यावर. पडले नाहीत, पण चेहरे पांढरे झाले होते.

"काय रे," मी पायरीवरून ओरडले, "घरात बसायचं की!"

सुनंदावहिनींच्या ताटातले मटार हसण्याने सांडले. साऊने टाळ्या वाजवल्या. मग एक मोटार आली, तिचं पोट घासलं, ड्रायव्हर उतरून आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मग एक टेम्पो, त्यातले रिकामे कॅन इतके खणखणले की काका घरातून बाहेर आले.

"दगड कुणी काढले?"

"काका, बघा तरी कसं काम करतोय," मी म्हणाले.

"पट्टे नाहीत अजून. अंधार पडायच्या आत परत लाव."

"लावते. दहाच मिनिटं."

ते आत गेले. दिवेलागणीची वेळ झाली होती, खांबावरचे दिवे लागले नव्हते. मी उठायला लागले आणि तेवढ्यात लूनाचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

"साऊ, बघ कोण आलं!"

साऊ फाटकाकडे धावली. दोन्ही हात वर करून ओरडायला लागली, "आक्का! आक्का!" ते दोघं एस. टी. स्टँडवरच्या सायकल तळावर ठेवलेली लूना घेऊन परस्पर आले होते. घरी न जाता आधी आमच्याकडे. आक्का एका अंगाला पाय सोडून बसल्या होत्या, लग्नात मिळालेली नवी साडी होती अंगावर, मांडीवर पिशवी. त्यांनी साऊला बघितलं आणि सीटला धरलेला हात सोडून वर केला.

हळू म्हणायचं माझ्या तोंडात आलं होतं. पण मामा हळूच होते. मामा नेहमीसारखेच येत होते, माणूस बरोबरीने चालू शकेल इतके. मला वाटलं, ह्यांना काय होणार आहे.

पुढचं चाक चढलं आणि अडलं. लूना तेवढ्यात बंद पडायला आली, म्हणून मामांनी मूठ पिळली. गाडीने उडी घेतली आणि मागचं चाक वरून खाली आदळलं. आक्का मागच्या मागे गेल्या. पिशवी आधी पडली, मग त्या. आम्हीच घोटून गुळगुळीत केलेल्या त्या सिमेंटवर.

मामांना कळलंच नाही. ते तसेच आमच्या फाटकापर्यंत आले, पाय टेकला आणि साऊला म्हणाले, "आलो गं बाय." मग मागे बघितलं.

पहाटे दवाखान्यातून फोन आला की आक्का गेल्या.

सहा वाजता मी बाहेर आले तेव्हा रस्त्यावर काका गुडघ्यांवर बसले होते. मफलर गुंडाळलेला, हातात ब्रश, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा.

"काका?"

"पट्टे मारायचे राहिले होते." त्यांनी वर बघितलं नाही.

"आज?"

"आज नाही तर कधी? नऊला पोलीस येतील पंचनाम्याला." ब्रश चालूच होता. "परवानगीशिवायचं काम आहे हे. चाळीस घरांवर नाही येणार. दोघांवर येईल. मी म्हातारा आहे, मला पेन्शनची तेवढी काळजी. तुझं तू बघ. पोर तीन वर्षांची आहे तुझी."

डबा गतिरोधकाच्या काठावर होता, कलंडायला लागला. मी खाली बसले आणि तो धरला. पट्टे संपेपर्यंत धरून होते.

हवालदार साडेनऊला आला. पन्नाशीचा, थकलेला माणूस. त्याने टेपने रस्ता मोजला, लूना कुठे होती ते विचारलं, मग वाकून गतिरोधकाला हात लावला. बोट पांढरं झालं. त्याने ते आमच्या कुंपणाच्या भिंतीला पुसलं.

"हा कुणी बांधला?"

"पालिकेचाच असेल," काका म्हणाले. "जुना आहे."

"रंग ओला हाय, काका."

"दरवर्षी मारतो आम्ही."

मागे सगळे उभे होते. चाळीस घरांतली निम्मी तरी माणसं होती. सुनंदावहिनी फाटकाआड उभ्या होत्या. हवालदाराने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कागद चाळला.

"बघितलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं. साऊ माझ्या कडेवर होती. सकाळपासून एकच विचारत होती, आक्का कधी येणार.

"बाई, तुम्ही होता?"

"हो. पायरीवर होते."

"लूना कशी येत होती?"

मी गतिरोधकाकडे बघितलं.

"म्हणजे असं बघा," तो म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता. "गतिरोधक जुना, पट्टे मारलेले. मग बाई पडली कशी? गाडी हळू आसंल तर मला गतिरोधकाचं बघावं लागंल. कुणी केला, कुणाला विचारून केला, सगळं. गाडी जोरात आसंल तर मग तसं लिवतो. तुम्ही सांगाल ते लिवतो."

साऊने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. मी ते तिच्या तोंडातून काढलं. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला स्पष्ट आठवतं. पोलीस चौकीतलं बाकडं, मी त्यावर बसलेली, आणि साऊ कुणाकडे आहे ते मला माहीत नाही.

"जोरात होती," मी म्हणाले.

हवालदार लिहायला लागला नाही. पेन तसंच धरून त्याने माझ्याकडे बघितलं.

"लूना?"

"हो."

"बाई, विचार करून सांगा. लूना."

"उतार आहे ना तिथं," मी म्हणाले.

तिथे उतार नव्हता. तो आत्ताच टेपने रस्ता मोजून आला होता. त्याने एक सुस्कारा सोडला आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. मारुती तुकाराम लोहार, वय त्रेपन्न, यांनी आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून. ही वाक्यं त्याला पाठच होती. मी साऊला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सही केली.

संध्याकाळी निरंजन आला. सगळं ऐकून त्याने साऊला जवळ घेतलं. मग म्हणाला, "दुसरं काय करणार होतीस?" मी म्हणाले, "काही नाही." पुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही. कॉलनीतही कुणी बोललं नाही. सुनंदावहिनींनी दोन महिने साऊला बालवाडीत सोडलं-आणलं, स्वतःहून, आणि मी त्यांना का म्हणून विचारलं नाही.

गतिरोधक दोन पावसाळे टिकला. मग नगरपालिकेने आमच्याकडे नवा डांबरी रस्ता केला आणि तो त्याखाली गेला. पूल कधीच पुरा झाला, तरी वाहनांना आमची वाट सवयीची झाली होती. रस्ता आता गुळगुळीत आहे, गाड्या आधीपेक्षा जोरात जातात. कुणी अर्ज देत नाही. साऊ दहा वर्षांची आहे. ती रस्ता ओलांडते तेव्हा मी अजून खिडकीत उभी असते.

मारुतीमामा एकदाच आले. वर्षभराने, एका दुपारी. मी साऊला झोपवून बाहेर आले तर ते पायरीच्या खाली उभे होते, चपला काढून. चालत आले होते. वाळले होते खूप. मी खुर्ची आणली, पण ते पायरीवरच बसले. पाणी प्यायले.

"बाय कुठं हाय?"

"झोपलीय."

"झोपू दे, झोपू दे." बराच वेळ त्यांनी पेला हातात फिरवला. "काल कोर्टात तारीख हुती, ताई. निकाल झाला. ते सांगावं म्हनलं."

मीही पायरीवर बसले. "काय झालं?"

"साहेबांनी इचारलं, गुन्हा कबूल हाय का. म्हनलं, हाय. मग दंड केला. तुरुंग न्हाई दिला. बायकूच गेलीया म्हनले, आता आनि काय शिक्षा द्यायची."

"मामा, कबूल का केलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही नव्हतं, रागही नाही, संशयही नाही.

"तुमी बगितलंय न्हवं. वकील वाचून दावत हुता तुमचा कागद. मला आपलं वाटत हुतं, मी नेहमीवानीच हुतो. वकिलालाबी तेच म्हनलो आधी. पर मानसाला सवताचं कळत न्हाई, ताई. तीबी मागनं सारखी चला की, चला की करत हुती. सा दिस पोरीला बघितलं न्हवतं. दिली आसंल मी रेस. तुमी कशाला खोटं सांगाल? तिच्यावर तुमचा जीव हुता."

वाळूचा एक डंपर गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"एक इचारू का?"

"विचारा, मामा."

"लई जोरात हुतो का ओ मी?" त्यांनी पेला खाली ठेवला. "रोज डोळं मिटलं की त्येच बघतो. काय दिसत न्हाई. तुमी समोर हुता. लई जोरात?"

खोलीत साऊ कुशीवर वळली असावी, पैंजण वाजलं. मी तोंड उघडलं. सांगायचं ते एवढंसं होतं, की तुम्ही हळू होता, मामा. चार शब्द. मला ते चारही शब्द दिसत होते.

"फार नाही," मी म्हणाले. "थोडं."

"थोडं," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांनी दोनदा मान हलवली. "थोडंच हुतो."

मग ते उठले, चपला घातल्या आणि निघताना त्यांनी मला हात जोडले.